जवळचं भिंग

परवा येळवस झाली, आणि माझ्या बोटांचा भज्जीचा वास अजून गेला नाही. राखेनं हात घासले, कढत पाण्यानं धुतले, तरी नाही. ज्यांच्या मुलखात येळवस नसते त्यांना आधी सांगून टाकतो, नसता म्हणाल हा कशाबद्दल बोलतोय. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं गावंच्या गावं रिकामी होतात. माणसं, पोरं, कुत्री, सगळी रानात. ज्वारी नुकती निसवलेली असते, हरभऱ्याला घाटे धरतात, करडई अजून कोवळी, टोचत नाही. रानात कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगडांना चुना फासून पांडव म्हणून मांडायचे, मडकंभर आंबील करायची आणि भज्जी. भज्जी म्हणजे त्या दिवशी रानात जे हिरवं घावेल ते सगळं बेसनात नि चिंचेच्या कोळात रटारटा शिजवायचं. लई चवीची लागते. परवा मी तीन डाव वाढून घेतली असं आत्या सांगती. मला चव आठवत नाही. वास तेवढा आहे.

पण मला लिहायचंय भिंगाबद्दल! म्हणजे फोटोच्या कॅमेऱ्याच्या भिंगाबद्दल, त्यातही अगदी जवळच्या वस्तूचा फोटो काढायचा तर भिंग कोणतं घ्यावं त्याबद्दल. आमचे वडील, आबा, म्हणतात, ह्याला फोटोचं कायी इचारू नगा, ह्याच्या तोंडाला लव्हाराचा भाता लावलाय. खरंय. मी सुरू झालो की थांबत नाही. परवा कोपीत बसून पावण्यांना तेच सांगत होतो, त्यातला एक तर मी बोलता बोलताच झोपला. तरी मी बोलतच होतो. गप बसलं की मग काय करायचं ते मला अजून नीट जमत नाही.

तर भिंग. आमच्या शाळेत सगळं उर्दूत. घरी मराठी, शाळेत उर्दू, मार मात्र दोन्हीकडं सारखा. तिथं भिंगाला अदसा म्हणत. आमचे मौलवीसाहेब वर्गात मुठीत काहीतरी घेऊन आले होते आणि मूठ उघडली तर मसुरीचे दाणे. म्हणाले, अरबीत अदस म्हणजे मसूर, आणि हा बघा दाणा, मधी फुगलेला, कडंला पातळ, अदसा असाच असतो. मला इतका आनंद झाला की मी घरी येऊन मायच्या डब्यातली मसूर उन्हात धरून बघत बसलो. पलीकडचं काही दिसलं नाही ते सोडा. माय म्हणाली, "बगून झालं असंल तर निवडून बी ठिव." निवडून ठेवली.

शाळा सुटली तसा मी आंब्याला गेलो. सरकारी कागदात त्या गावाला मोमिनाबाद म्हणतात, आम्ही आपलं आंबं. तिथं छावणीच्या अंगाला करीमभाईंचं फोटोचं दुकान आहे, त्यांच्या हाताखाली राहिलो. घोडेस्वार येतात, मिशीला पीळ देतात, तलवार मांडीवर घेतात, आणि फोटो घरी धाडतात. करीमभाईंकडं दोन भिंगं होती. एक मोठं, पितळेचं, मखमलीच्या पिशवीत असायचं, ते चेहऱ्यासाठी. दुसरं बारकं, त्याला पिशवी नाही, ते खिळ्याच्या डब्यात. लग्नाची वरात किंवा पन्नास माणसांची पलटण एका फोटोत बसवायची असली की ते निघायचं. करीमभाई मोठ्याला नवाब म्हणायचे आणि बारक्याला मसूर. मसूर हे नाव माझ्यामुळं पडलं, हे सांगायला मला बरं वाटतं.

त्यांचा जुना कॅमेरा त्यांनी मला देऊन टाकला होता, त्याच्या मधल्या घडीच्या भात्याला भोकं पडली म्हणून. मी काळ्या कापडाच्या चिप्प्या डिंकानं चिकटवल्या आणि कॅमेरा घेऊन घरी आलो. दोन वर्षांमागची गोष्ट. असेच दिवस, येळवस तोंडावर आलेली. सकाळी इतकी थंडी की बैलांच्या नाकातनं धूर. मी खोकं डोक्यावर घेऊन युसूफ वडगावच्या वाटेनं येत होतो आणि कान, नाक, बोटं काहीच माझं नव्हतं. बधिर. तसं झालं की बरं वाटतं थोडं. ठेच लागली तरी कळत नाही.

माय दारापुढं उन्हाला बसली होती. तिला त्या पावसाळ्यापास्नं छातीचं दुखणं होतं. ताप यायचा, जायचा, खोकल्याची उबळ आली की पाठीचे मणके मोजून घ्यावेत असे वर यायचे. आबांनी केजच्या वैद्याचं केलं, बीडच्या दवाखान्याचं केलं, नारायणगडाला नवस केला. आता घरात कुणी काही बोलत नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तिला ठाऊक आहे का नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझी धाकटी बहीण कौशी तेव्हा तीन वर्षांची. मायच्या मांडीवर आडवी पडून तिच्या हातातल्या बांगड्या वर-खाली करीत होती.

"काय रं लिंबा, खोक्यात काय हाय?"

"फोटूचं हाय माय. तुजा काढायचाय."

"माजा? कावून?"

आमच्याकडं 'का' म्हणत नाहीत, 'कावून' म्हणतात. 'का'ला खांदे उडवून सुटता येतं. 'कावून' लांबतो, दारात उभा राहतो, उत्तर घेतल्याशिवाय हलत नाही. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "कौशीला दावाय."

कौशी तिच्या मांडीवर होती! जिच्या मांडीवर पोर आहे तिचा फोटो त्या पोरीला कशाला दाखवायचा? माझं मलाच कळलं आणि कानशिलं तापली. मायनं माझ्याकडं बघितलं, मग पोरीकडं. घाईघाईनं मी म्हणालो, "म्हंजे ती मोटी झाल्यावर. तू तरनेपनी कशी व्हतीस, आसं."

"तरनेपन!" ती हसली, त्यातनं खोकला आला. मग म्हणाली, "तोंडाचा नगो बाबा. तोंडाचा काढला की आयुक्ष कमी व्हतंय. पाटलाच्या थोरल्यानं काढला, साल सरलं न्हाई त्याला. मला कौशीचं लगीन बगायचंय."

एरवी मी असल्या बोलण्यावर तासभर भांडलो असतो. उजेड येतो, काचेवरच्या चांदीला लागतो, ती काळी पडते, ह्यात माणसाचं काय जातंय? सगळं तोंडात तयार होतं. पण तिला आयुष्य पाहिजे होतं. तोंडाचाच काढू दे असा हट्ट धरला, तर तो हट्ट काय म्हणत होता? की माय, तू राहत नाहीस, म्हणून आत्ता काढू दे. तेवढं एक वाक्य त्या घरात कुणी बोललं नव्हतं आणि ते मी बोलणार नव्हतो. न बोलावं तर कौशीला उद्या माय कशी होती ते कधीच कळणार नव्हतं.

मायनंच वाट काढली. उजवा हात पुढं केला, पालथा. "हाताचा काढ. हाताला काय व्हतंय."

तिच्या हातावर गोंदण होतं. मनगटाच्या वर तुळस, तिच्या दोन्ही अंगाला ठिपके, अंगठ्याच्या बुडाशी बारका विंचू. ती आठ-नऊ वर्षांची असताना गोंदणारीण आली होती, चौघींनी धरून ठेवलं होतं म्हणे. सोनंनाणं हिथंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं, असं आमच्याकडं म्हणतात. तो हात मी जन्मापास्नं बघत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा एवढ्यासाठी बघितला की हा काचेवर किती मोठा येईल.

मी परत आंब्याला गेलो, कारण माझ्याकडं कॅमेरा होता, भिंग नव्हतं. करीमभाईंना म्हटलं, हाताचा फोटो काढायचाय, भिंग द्या.

"हाथ का?" ते पोट धरून हसले. "अरे लिंबाजी मियाँ, तस्वीर चेहरे की होती. हाथ का काम पोलीस का. अम्मा को चोरनी समझा क्या रे?"

मी सांगितलं तोंडाचा कावून नको म्हणती ते. त्यांचं हसणं मिटलं. त्यांनी भिंग पुसलं. मग मखमलीची पिशवीच माझ्या हातात दिली. नवाब! त्याला ते कुणाला हात लावू देत नसत. "ले जा. बडा अदसा, बडी तस्वीर. अम्मा का हाथ बडा आना."

आणि इथं आम्ही दोघंही फसलो. तुम्हीही फसाल, म्हणून सांगतो! मोठ्या भिंगानं जवळचं मोठं येतं असं सगळ्यांनाच वाटतं. मी घरी आलो, भिंग चढवलं, पुढं माझाच हात धरला, काळ्या घोंगड्यात डोकं घातलं. धुरकट काचेवर सगळं उलटं दिसतं, ते ठाऊक होतं. पण हात बारका! सुपारीएवढा. जवळ गेलो तर सगळं दुधात बुडाल्यासारखं. असं का होतं बघा. भिंग आणि मागची काच ह्यांच्यामधी तो भाता असतो. वस्तू जवळ आणायची तर भाता ताणावा लागतो. आणि भिंग जितक्या लांब नजरेचं तितका भाता जास्त मागतं. नवाब लांब नजरेचा, त्याला हातभर भाता पाहिजे. माझा भाता दीड वितीत संपला, वर एक चिप्पी सुटली ती वेगळीच. नवाब लांबनं बघणाऱ्याचं भिंग आहे. समोरचा माणूस तिकडं बसावा, तुम्ही इकडं उभं राहावं, दोघांमधी अंतर असावं, दोघांनाही बरं.

मधी एक खटपट करून बघितली. करीमभाईंचा चष्मा मागून आणला आणि त्याची काच नवाबापुढं मेणानं चिकटवली. मोठं आलं की! पण मधलं तेवढं बरं, कडा पाण्यात साखर विरघळावी तशा. आणि तिकडं करीमभाईंनी चष्मा नसल्यानं एका जमादाराचा फोटो काढताना त्याचं डोकंच फोटोबाहेर ठेवलं. जमादार लई बोंबलला म्हणे. चष्मा परत.

ह्या येण्या-जाण्यात दिवस चालले होते. दर खेपेला घरी आलो की माय थोडी आणखी भिंतीला टेकलेली. मी तिच्याकडं बघायच्या आधी तिच्या हाताकडं बघायचो. हात अजून होता तसा होता.

शेवटी खिळ्याच्या डब्यातलं मसूर. जे पलटणीसाठी, वरातीसाठी, ते जवळच्या कामाला चालेल हे कुणाच्या डोक्यात येईल? पण त्याची नजर आखूड. त्याला थोडा भाता पुरतो. बसवलं आणि भाता ताणत गेलो, ताणत गेलो, आणि एका जागेला असं झालं की भिंगापास्नं हात जितका पुढं, तितकीच काच मागं, आणि काचेवरचा हात खऱ्या हाताएवढा! मी घोंगड्यातनं ओरडलोच. कौशी भ्यायली. त्या जागेला सगळं सारखं होतं, एवढ्याला एवढं. माझ्या अंगठ्याच्या रेघा, नखातली माती, सगळी. तर भिंग निवडताना भिंगाचा थोरपणा बघू नका. आपला भाता किती ताणतो ते बघा, आणि वस्तूच्या किती जवळ जायची तयारी आहे ते बघा. आखूड नजरेचं भिंग तुम्हाला जवळ ओढतं. वीत-दीड वीत. इतकं जवळ की तुमचीच सावली तिच्यावर पडती, तुमचा श्वास तिला लागतो. ते ज्याला नको त्यानं लांब नजरेचं घ्यावं आणि भात्याची सोय बघावी.

येळवशीच्या दिवशी मायला गाडीत गोधड्या घालून रानात आणलं. कोपीच्या तोंडाशी बसवलं. आबा पांडवांपुढं आंबील शिंपडत, ते कुणालाच अर्थ न कळणारे शब्द म्हणत कोपीभोवती फिरत होते, पोरं मागनं ओरडत होती. दुपार टळली तसं ऊन मऊ झालं. मी ज्वारीच्या पोत्यावर कापड टाकलं, वर तिचा हात ठेवला. करीमभाईंकडच्या दोनच प्लेटी, म्हणजे फोटो उमटतो त्या चांदी लावलेल्या काचा, मला मिळाल्या होत्या. भाता दुप्पट ताणला की उजेड चौथाई राहतो, म्हणून भिंगाचं टोपण लई वेळ काढून ठेवावं लागतं आणि तेवढा वेळ हाताला हलून चालत नाही. तिची उबळ कधी येईल ते तिलाही सांगता येत नव्हतं.

"आली की सांग," मी म्हणालो.

"ती इचारून येती व्हय?"

मी घोंगड्यात गेलो. काचेवर तिचा हात उलटा, बोटं माझ्याकडं. जवळच्या फोटोत एक अडचण असती, सगळं एकदम स्पष्ट होत नाही. तुळशीवर नजर लावली की अंगठा धुरात जातो, अंगठ्यावर लावली की तुळस. भिंगाचं तोंड बारीक केलं की दोन्ही येतात, पण उजेड आणखी कमी. मी हे सगळं करत होतो आणि मला छान चाललं होतं. खोटं कशाला सांगू? मी खुशीत होतो. समोर हात होता, त्याच्या मागं कोण आहे ते घोंगड्यात दिसत नव्हतं. बाहेर आलो, प्लेट घातली, टोपण काढलं. माय श्वास धरून बसली. टोपण लावलं आणि मग ती खोकली, पार वाकली. आत्यानं पाणी दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर पदरानं तोंड पुसलं. केस मागं केले. कुंकू बोटानं चाचपून नीट केलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "लिंबा, तुला पायजे आसंल तर तोंडाचा बी काढ."

कोपीत आत्या होती, ती एकदम बाहेर निघून गेली.

दुसरी प्लेट होती माझ्याकडं. उजेड होता. माय बसलेली होती, कुंकू नीट केलेलं. मी म्हणालो, "आगं, ह्यानं तोंड न्हाई येत. ह्ये जवळचं भिंग हाय. नाक मोटं येतंय. तोंडाचं भिंग येगळं, ते आंब्याला हाय. फुडल्या खेपेला आनतो."

"फुडल्या खेपेला," ती म्हणाली.

"व्हय."

"बरं. आन मंग."

नाक मोठं येतं हे खोटं नाही. मसूर तोंडाजवळ नेलं तर येतंच. लांबनं काढला असता तर बारका का होईना, आला असता. ती 'बरं' म्हणाली तेव्हा तिचा आवाज मोकळा झाल्यासारखा वाटला मला. काय झालं होतं तेवढ्यात? तिनं आयुष्य पुढं केलं होतं, आणि मी ते परत तिच्या पदरात टाकलं होतं. तेवढंच. दोघांनी भज्जी खाल्ली.

पौषात गेली.

त्या दिवसाचा मला तिरडीचा काथ्या आठवतो. त्याचा पीळ, एक सुटलेला धागा, गाठीपाशी अडकलेलं कडब्याचं पातं. माणसं कोण कोण होती ते विचारू नका, सगळी धुरात. आबा रडले का, मी रडलो का, ते दुसरे सांगतात. लोक म्हणायचे पोरगं घट्ट आहे. घट्ट कसलं. हिवाळ्यात पहाटे मोटंचं पाणी धरलं की हात पाण्यात आहे का बाहेर हे कळेनासं होतं, तसं.

प्लेट आम्ही नंतर धुतली. करीमभाईंच्या अंधाऱ्या खोलीत, लाल कंदिलाच्या उजेडात. काम चोख झालं होतं. कागदावर हात उतरला, खऱ्या हाताएवढा, कातडीची जाळी, नखांच्या चिरा, चुलीचा एक जुना डाग. बोटांची टोकं प्लेटीत बसली नव्हती. आणि गोंदण नव्हतं. तुळस नाही, ठिपके नाहीत, विंचू नाही. कोरा हात. ज्या पोरीला अजून कुणी चौघींनी धरलेलं नाही तिचा असावा तसा.

मी प्लेट उजेडाला धरली, उलटी केली, पुसली. करीमभाईंनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. "नीला था ना रे? प्लेट नीले को सफेद समझती. अपने फोटू में आसमान देखा कभी? हमेशा कोरा. मेरेकू बोलना था." मग म्हणाले, "मेरेकू पूछना था." खरंच, काळ्या-सावळ्या कातडीवर निळंहिरवं गोंदण, त्या प्लेटीला दोन्ही सारखंच. एवढं सगळं भिंगाचं केलं, आणि प्लेट आंधळी निघाली.

घरी फोटो नेला. आत्यानं बघितला, तोंडावर पदर घेतला. "नेलं गं बाय संगं. सगळं नेलं." शेजारच्या बाया बघायला आल्या, जिथं तुळस होती तिथं बोट ठेवून बघायच्या. सगळ्यांना पटलं. मी त्यांना निळ्याचं सांगितलं, चांदीचं सांगितलं, आभाळाचं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. आबांनी फोटो हातात घेतला, दाराच्या उजेडात नेला आणि परत माझ्याकडं दिला. "ह्यो तिचा हात न्हाई," म्हणाले, आणि बैलांना पाणी पाजायला गेले. त्यानंतर त्यांनी तो बघितलेला नाही.

मग मी जवळचंच काढत राहिलो. मसूर माझ्याकडंच आहे. ज्वारीच्या कणसावरचा चिकटा, मुंगीच्या तोंडातला दाणा, बैलाच्या पापणीचे केस. पहाटे हरभऱ्याच्या पानावर आंब धरते, आंबट दव, तिचा एक-एक थेंब मसुरीएवढा आणि प्रत्येकात आख्खं रान उलटं लोंबतंय, वर माती, खाली आभाळ. हे तुम्ही बघाच! भिंग नसलं तरी उपडं पडून बघा. करीमभाई गिऱ्हाइकांना सांगतात, ये छोकरा चेहरे नहीं लेता, किडे-मकोडे लेता. हसतात लोक. मीही हसतो.

परवा मात्र मी दोन्ही भिंगं रानात आणली होती. नवाब करीमभाईंनी आता मलाच वापरायला दिलाय, त्यांची नजर गेली. भज्जी झाली, पावणे लवंडले. आत्या एका बाईला सांगत होती, "कौशी निवळ वयनीवर गेलीया. त्येच नाक, तीच जिवनी. बगून दचकाय व्हतं." कौशी तिथंच ओलं हरभरं सोलीत होती. पाच वर्षांची आहे आता. मायचं तिला काही आठवत नाही, विचारलं की फोटोतला हात सांगती. उठली आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"दादा, माजं तोंड मायवानी हाय."

"म्हनत्यात."

"मंग माजं तोंड काढ. म्हंजी मायचं बी निगंल."

आत्या तिकडनं ओरडली, "पोरीच्या तोंडाचा नगो रं बाबा! बाप्याचा काढ, बैलाचा काढ!"

मी आत्याला हसलो. सगळं सांगितलं, नेहमीच्या वेगानं, उजेड, चांदी, काच, काही जात नाही माणसाचं, छावणीतल्या घोडेस्वारांचे काढतो की, मिशा वाढल्यात त्यांच्या. कौशीला बांधाच्या दगडावर बसवलं. नवाब चढवला. लांब उभा राहिलो. प्लेट तयार होती, ऊन चांगलं होतं. पोरीनं स्वतःच केस मागं सारले आणि तोंड मिटून बसली. दोन घटका सुद्धा गप न बसणारी पोर.

घोंगड्यात डोकं घातलं. काचेवर ती उलटी, पाय वर, डोकं खाली, आणि ते नाक. ती जिवणी. स्वच्छ, कडेपर्यंत स्पष्ट. मी बाहेर आलो, प्लेट सरकवली आणि टोपणाला हात लावला.

आणि मला वाटलं, हिचं आयुष्य कमी झालं तर?

उर्दूत शिकलेलं सगळं डोक्यात होतं. एक अक्षर पुसलं नव्हतं. तरी हात टोपणावरनं निघेना. मग बोटं हलायला लागली, मग मनगट, मग भिंगाचं पितळ खोक्याच्या लाकडावर वाजायला लागलं, टकटक, टकटक. दोन वर्षांत मला काही वाटलं नव्हतं, चांगलं का वाईट, आणि आता हे वाटत होतं. मी कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या तिकाटण्याला धरलं.

"काढलास का?" कौशीनं ओठ न हलवता विचारलं.

"न्हाई."

ती दगडावरनं उतरली, जवळ आली, माझ्या हाताकडं बघत राहिली. मग तिनं आपले दोन्ही हात माझ्या हाताभोवती धरले, टोपणासकट.

"थंडी वाजती का रं दादा?"

ऊन असं होतं की कोपीचा कडबा तडतडत होता. मी म्हणालो, "व्हय गं. लई वाजती."